सोलून लावलेला लसूण

लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात माझ्याकडं एकच काम आहे, लसूण सोलायचं. ड्युटीवरून आलो, हातपाय धुतले, चहा प्यालो, की बायको ताटलीत लसणाच्या गड्ड्या टाकून ती माझ्यापुढं सरकवणार. तोंडानं काही म्हणायची नाही. ताटली सरकली की मी समजायचं. मी एसटीत ड्रायव्हर होतो. भीमाशंकरच्या घाटातून गाडी वर न्यायची आणि सुखरूप खाली आणायची, यातच सगळी नोकरी गेली. घाटातली वळणं मी आजही डोळे मिटून सांगेन, पण चुलीपुढं मला कुणी विचारत नाही. कधी हौसेनं कणीक मळायला गेलो तर ही म्हणणार, "ऱ्हाऊ द्या, तुमी आपला लसूणच सोला." म्हणून मी सोलतो. आणि बरा सोलतो. नखाचा ओरखडा न पडता पाकळी मोकळी करतो. आमच्या आळीत माझ्यासारखा लसूण सोलणारा नाही, हे मी स्वतःच सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते अंगच्या या एकाच गुणामुळं झालं.

आमचं घर शिनोलीच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. शेत वाट्यानं दिलंय. घरामागं परसू आहे आणि त्यात राज्य बायकोचं. अळू, मिरची, कोथिंबीर, एक शेवगा, आणि लसणाचा वाफा. हा लसूण तिच्या माहेरचा, ओतूरकडचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून येताना तिनं पिशवीतून आणलेला. तेव्हापासून दर दिवाळीच्या सुमारास लावायचा, होळीच्या आसपास काढायचा, आणि त्यातलाच थोडा पुढच्या लागणीसाठी बाजूला ठेवायचा. या राखून ठेवलेल्या लसणाला बेणं म्हणतात. बेण्याची जुडी आमच्याकडं चुलीच्या वरच्या खुंटीला लटकत असते. घरातला लसूण संपो, पाहुणे दारात उभे राहोत, त्या जुडीला हात लावायची कुणाची टाप नाही.

गड्डी छोटी, जांभळट रंगाची. पाकळ्या बारीक, सोलताना जीव जातो. पण एक पाकळी तेलात पडली की वास रस्त्यापर्यंत जातो. बाजारातला लसूण दिसायला थोराड, सोलायला सोपा, आणि जेवताना विचारावं लागतं, "फोडणीत लसूण घातलाय का गं?"

त्या वर्षी दसरा झाला आणि लेकीच्या डोहाळजेवणाचा बेत चालला होता. लेक पुण्यात दिलेली. सातवा नुकताच लागला होता. ही साडी कुठली घ्यायची, फुलं कुणाकडून आणायची असं सकाळ-संध्याकाळ चाललेलं. आणि एका सकाळी जावयाचा फोन आला, की तिला दवाखान्यात नेलंय. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. पोहोचेपर्यंत ती बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. पण पेढे कुणी वाटले नाहीत. पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. "बघू," एवढंच म्हणायचे.

मला एकदाच आत सोडलं, तेही लांबून बघायला. आता काय सांगू. माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत असतो ना, त्यावर ती सहज मावली असती. अंगावर कपडा म्हणून नाही. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. नाकातोंडाला नळ्या, छातीला वायरी. मी बघत होतो तेवढ्यात तिनं तोंड उघडलं. चेहरा लालभडक झाला, कपाळावर आठ्या पडल्या, इवल्या मुठी आवळल्या. रडत होती ती. जीव तोडून रडत होती. आणि आवाजच नव्हता. काचेमुळं ऐकू येत नसेल असं मला वाटलं. पण सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, श्वासाची नळी घशातून गेलीय ना, म्हणून आवाज येत नाही. नळी निघाली की येईल." मी विचारलं, कधी निघेल? त्याही "बघू" म्हणाल्या.

घाटात ब्रेक गेलेली गाडी मी एकदा डोंगराला घासून थांबवली होती. तेव्हा पाय थरथरले नव्हते. त्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरलो. आवाज न करता रडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि ते आमचंच होतं.

दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देत होते. मी म्हणालो, मी बाहेर बाकावर बसतो. बायको म्हणाली, "बाकावर बसून काय करणार? म्हशीला कोन बघंल?" तिचं खरं होतं. मी परत आलो. घरात म्हैस आणि मी. रोज सकाळी धार काढली की फोन करायचा आणि एकच विचारायचं, "आवाज आला का?" ती म्हणायची, "न्हाई अजून." मग दोघंही काही तरी दुसरं बोलायचो, म्हशीचं, पाण्याचं, आणि फोन ठेवून द्यायचो.

अशाच एका फोनवर तिला बेण्याची आठवण झाली. "अहो, लसूण लावायचा ऱ्हायला की! बेणं आता थांबायचं न्हाई, आतनं पोकळ व्हतं. गड्ड्या सोलून घ्या अन् लावून टाका. शेंडा वर, बूड खाली. अन् सालं टाकू नका, पिशवीत भरून ठेवा. पोर घरी आली की दिष्ट काढायला लागतील."

पोर घरी आली की. डॉक्टर जे म्हणायला तयार नव्हते ते हिनं लसणाच्या सालांच्या निमित्तानं म्हणून टाकलं होतं. मला एकदम बळ आलं. खुंटीवरची जुडी काढली, ओट्यावर बसलो आणि सोलायला घेतली.

सबंध दिवस सोलत होतो. बारीक पाकळ्या, साल घट्ट चिकटलेली. बोटं चुरचुरायला लागली, डोळ्यांना पाणी आलं. ते लसणाचंच होतं असं नाही. पण काम मी मन लावून केलं. एक पाकळी दुखावली नाही. परातभर पांढरा लसूण सोलून झाला तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी वाफा भुसभुशीत केला, शेणखत मिसळलं, दोरी धरून सरळ ओळी आखल्या आणि एकेक पाकळी बोटानं खोचत गेलो. शेंडा वर, बूड खाली. शेवटची ओळ चालू होती तेव्हा शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. परातीत उरलेल्या पाकळ्या बघून म्हणाल्या, "काय भाऊजी, आज चटणी का?"

म्हटलं, "चटणी कसली, लसूण लावतोय."

"आन् ह्यो सोललेला?"

"ह्योच लावतोय."

वहिनी आधी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. थट्टा करतोय का काय ते त्यांना समजेना. मग मटकन कुंपणापाशी खालीच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "आवो सोलून कुनी लावतं का राव! सालीसकट लावायचा असतो. नुसती गड्डी फोडायची, पाकळ्या मोकळ्या करायच्या. ह्यो समदा कुजंल की मातीत! मुंग्या खातील!"

बोंबला. ओतूरकडं, म्हणजे निदान हिच्या माहेरी, गड्डी फोडून पाकळ्या सुट्या करण्यालाही सोलणंच म्हणतात, आणि सालं म्हणजे गड्डीवरचे सुटे पापुद्रे. इतकी वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं. माहीत असणार तरी कसं? माझ्यापुढं जी ताटली यायची ती खायच्या लसणाची. बेण्याला मी कधी बोटही लावलेलं नव्हतं. आणि आता माहेरचं सगळंच्या सगळं बेणं नागडं करून मातीत घातलं होतं. खुंटी रिकामी. हातात सालांची पिशवी तेवढी राहिली.

वहिनींचं हसू ओसरलं. माझं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "काढून टाका आन् माझ्याकडचं बेणं घ्या. उद्याच्याला लावून देते." माणूस चांगलं. पण बायकोला सांगितल्याशिवाय काही करायची माझी छाती नव्हती.

संध्याकाळी फोन केला. आवाज आला का विचारलं. न्हाई. मग मी सांगितलं.

"समदा लावला?" तिनं विचारलं.

"समदा."

"सोलून?"

"तूच म्हणालीस, सोला."

"अहो सोला म्हंजी गड्ड्या फोडा! आता काय म्हनावं ह्या मानसाला! नागडा लावला व्हय तुमी?"

तिकडून आणखी चार शब्द येतील म्हणून कान तयार ठेवला. पण तिच्या मागं दवाखान्यातलं कुठलं तरी यंत्र टुक टुक वाजत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "ही पन नागडीच हाये वो. अंगावर काय न्हाई. नुसत्या वायरी."

"वहिनी म्हणतात काढून टाका. त्यांचं बेणं देतायत."

"नका उपटू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या त्याला."

"कुजंल म्हणतात."

"कुजला तर कुजला. तुमच्या हातानं उपटू नका."

त्या दिवसापासून माझी सकाळ वाफ्यापाशी सुरू व्हायला लागली. मी नवसबिवस करणारा माणूस नाही. भीमाशंकरला आयुष्यभर गाडी घेऊन गेलो, पण देवळात रांगेत उभा राहिलो तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. वाफ्याचा आणि पोरीचा काही संबंध नाही हे मला समजत होतं. समजत होतं तरी धार काढायच्या आधी, तांबडं फुटलं की, मी परसात जाऊन उकिडवा बसायचो आणि मातीकडं डोळे लावायचो. वहिनी पलीकडून बघायच्या. हसायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

काही पाकळ्या कुजल्याच. एका ओळीला मुंग्या लागल्या. मी हळद टाकली, राख टाकली. बोटानं माती बाजूला केली तर पाकळी लिबलिबीत झालेली, घाण वास. असं जिथं दिसायचं तिथनं मी लगेच माती सारखी करून उठायचो. पुढचं उकरून बघायची हिंमत व्हायची नाही.

आणि एका सकाळी, दव पडलेलं होतं, मला वाफ्यात हिरवं दिसलं. आधी वाटलं गवत. वाकून बघितलं. गवत नव्हतं. सुईसारखा सरळ, टोकदार कोंब. त्याच्या पलीकडं आणखी एक. मी गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला, एका कोंबाच्या बाजूची माती फुंकून बाजूला केली. आत तीच पाकळी होती, मी सोललेली. जरा सुरकुतलेली, पण घट्ट. आणि तिच्या बुडातून पांढऱ्या मुळ्या खाली गेलेल्या. अंगावर साल नाही, काही नाही, वर थंडी, खाली किडामुंगी, आणि हिनं वर कोंब काढला होता, खाली मुळं सोडली होती. कुणी सांगितलं हिला, वर कुठलं आणि खाली कुठलं? मी आयुष्यभर हजारो पाकळ्या सोलल्या असतील. ठेचल्या, तळल्या, खाल्ल्या. त्यातल्या एकेकीच्या आत हे एवढं सगळं तयार बसलेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. खोटं सांगत नाही. मी त्या कोंबाला हात जोडले. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून जोडले, पण जोडले.

पळत घरात जाऊन फोन केला. "उगवला!" म्हणालो. "अगं उगवला, नागडा उगवला!"

बायको रडत होती. पोरीला रात्रीतून ताप भरला होता. रक्तात काही तरी झालं होतं. औषधं बदलली होती. डॉक्टर आता "बघू" सुद्धा म्हणत नव्हते.

दोन्ही गोष्टी एकाच सकाळी चांगल्या झाल्या असत्या तर सांगायला किती बरं झालं असतं. तसं झालं नाही. मी फोन ठेवला आणि परत वाफ्यापाशी गेलो. मला त्या कोंबांचा इतका राग आला म्हणून सांगू! तुम्हाला कुणी सांगितलं होतं उगवायला? तिथं माझी पोर तापानं फणफणलीय आणि तुम्ही इथं वर माना काढताय? सगळा वाफा पायानं तुडवावा असं वाटलं. पाय उचललाही होता. पण बायकोचा शब्द आठवला, तुमच्या हातानं उपटू नका. मी पाय खाली घेतला. पाइप आणला आणि पाणी दिलं. हळू, धार न लावता, कोंब आडवे पडणार नाहीत अशा बेतानं. दुसरं मला काय करता येण्यासारखं होतं?

पुढचे दिवस कसे गेले ते मला धड आठवत नाही. थंडी वाढली. सकाळी धुक्यात समोरचा डोंगर दिसेनासा झाला. उसात बिबट्या आलाय म्हणून लोक उजाडल्याशिवाय बाहेर पडत नव्हते, म्हणून मीही उजाडायची वाट बघायचो आणि मग परसात जायचो. लसणाला एकाची दोन, दोनाची चार पानं झाली. ताप उतरला असं एकदा बायको म्हणाली, मग पुन्हा चढला म्हणाली, मग उतरला तो उतरलाच. तरी आवाज नव्हता. "आवाज आला का" हे मी विचारायचो आणि "न्हाई अजून" ती म्हणायची.

एके दिवशी मी वाफ्यातलं गवत काढत होतो. फोन वाजला. एरवी मी करायचो, तिचा कधी यायचा नाही. हाताला माती तशीच, फोन कानाला लावला. ती म्हणाली, "बोलू नका. नुसतं ऐका."

मी ऐकायला लागलो. आधी काहीच नाही. मग दाराच्या बिजागरीसारखं काही तरी बारीक कुरकुरलं. थांबलं. परत कुरकुरलं. मांजराचं पिल्लू पोत्याखाली अडकलं तर करेल तसला आवाज. मी म्हणालो, "काय गं हे?"

"नळी काढली," ती म्हणाली. "तीच हाये ती. रडतीय."

मी तसाच वाफ्यात खाली बसलो. लसणाच्या पाती चहूबाजूनं, मध्ये मी, कानाला फोन, आणि त्या बारीक कुरकुरीला मी "हां, हां, बोल, बोल" करतोय. पलीकडून वहिनींनी बघितलं. कुंपणाला धरून त्याही उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

त्यानंतर माझी जरा भीड चेपली. संक्रांतीच्या सुमारास मला राहवेना म्हणून एक रोप उपटून बघितलं. खाली गोळा धरला होता, पण नुसता गोल, कांद्याच्या पोरासारखा. कापून बघितला तर आत पाकळ्याच नाहीत! म्हटलं, झालं, सोलून लावल्याची ही शिक्षा. बायकोला फोन केला. ती हसली. किती दिवसांनी हसली. "तुमाला दम न्हाई बगा. थंडी खाऊ द्या त्याला पोटभर. मंग आतल्या आत पाकळ्या पडतात." आणि खरंच पुढच्या वेळी बघितलं तर त्या अख्ख्या गोळ्यात आतून रेषा उमटलेल्या. मातीच्या पोटात, अंधारात, कुणी बघत नसताना एका पाकळीच्या अनेक होत होत्या, आणि प्रत्येकीला स्वतःची साल येत होती. साल! मी जी काढून पिशवीत भरली ती त्यानं नव्यानं विणली होती. मी किती तरी वेळ ती अर्धी गड्डी हातात घेऊन बसलो. एवढं मोठं काम आपल्या परसात चाललेलं असतं आणि आपण आत बसून टीव्ही बघतो.

शिमग्याच्या तोंडावर लसणाच्या माना पडल्या. म्हणजे पात पिवळी होऊन बुडाशी आडवी झाली. माना पडल्या की काढायचा, एवढं मला आता ठाऊक झालं होतं. पण मी थांबलो, कारण दवाखान्यातून सुट्टी मिळून लेक आणि पोर आधीच जावयाकडं गेल्या होत्या, बायको त्यांच्याजवळच होती, आणि आता तिघी मिळून आमच्या घरी येणार होत्या. तिघींच्या समोर काढायचा असं माझ्या मनात होतं.

गाडी दारात थांबली. उतरल्या उतरल्या बायकोनं आधी माझ्याकडं सालांची पिशवी मागितली. डॉक्टरांनी धूर अजिबात नको म्हणून बजावलं होतं, म्हणून तिनं उंबऱ्यातच मीठ, मोहरी आणि ती सालं मुठीत घेऊन पोरीवरून उतरवली आणि वहिनींनी ती लांब नेऊन त्यांच्या चुलीत घातली. मग पोरीला माझ्या मांडीवर दिलं. शाल बाजूला करून मी बघितलं. कातडी आता कातडीसारखी झाली होती. शिरा दिसत नव्हत्या. माझ्या करंगळीभोवती तिनं मूठ आवळली.

आळीतल्या बायका बघायला आल्या. सगळ्या एकच म्हणायच्या, "किती गुणाची बाई! रडत म्हनून न्हाई!" त्या कौतुकानंच म्हणायच्या. लेक हसून मान डोलवायची. मी आणि बायको एकमेकांकडं बघायचो. कारण आम्हाला माहीत होतं. पोर रडायची, पण ती कुरकुर तशीच राहिली होती, घोगरी आणि बारीक. शेजारच्या खोलीत सुद्धा ऐकू जायची नाही. छातीत जोर यायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती वेळ? त्यावर त्यांचं जुनंच उत्तर होतं.

लसूण काढला. पेरला त्याच्या मानानं कमीच निघाला. पण निघाला तो अस्सल, जांभळट, हाताला दणकट. लेक बाळंतीण म्हणून तिच्या जेवणात पहिला गेला. बायकोनं उरलेल्यातून टपोऱ्या गड्ड्या निवडल्या, पातीची वेणी घातली आणि जुडी खुंटीला लटकवली. रिकामी खुंटी मी महिनोन् महिने बघितली होती. त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं.

गेल्या दिवाळीला लेक परत आली. पोर तेव्हा रांगायची, धरून उभी राहायची, दिसेल ते तोंडात घालायची. पण आवाज तोच. पडली तरी तोंड वाकडं करून घोगरं कुरकुरायची आणि गप्प व्हायची. बायको तिच्या छातीला तेल लावायची आणि माझ्याकडं बघायची नाही.

लसूण लावायला बसलो. या वेळी दोघंही. बायकोनं जुडी काढून माझ्यापुढं ताटली सरकवली आणि बजावलं, "सोलू नका. फोडा." मी म्हटलं, "आता इतका बी अडाणी ऱ्हायलो न्हाई." पाकळ्या सालीसकट मोकळ्या करून देत गेलो. ती लावत गेली. पोर गोधडीवर बसून माती उडवत होती. हिची पाठ होती तेवढ्यात मी एक पाकळी हळूच सोलली. का, ते मला सांगता येणार नाही. एक तरी तशीच लावावी, दरवर्षी लावावी, असं मनात आलं होतं. सोलून ताटलीच्या कडेला ठेवली आणि पुढची गड्डी फोडायला घेतली.

पोरीनं कधी उचलली मला कळलंच नाही. दोन दातांनी कचकन चावली.

क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग चेहरा लालभडक झाला. कपाळावर आठ्या पडल्या. मुठी आवळल्या. तोंड हे एवढं उघडलं. मी काचेबाहेर उभा राहून बघितला होता तोच चेहरा, तसाच्या तसा.

आणि पोरीनं भोकाड पसरलं! असलं भोकाड की शेवग्यावरचे कावळे उडाले. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पाकळी तोंडातून बाहेर पडली, तोंडात काही उरलं नाही हे बायकोनं बोट घालून बघितलं, तरी पोर थांबेना. श्वास भरून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापेक्षा जोरात. वहिनी "काय झालं, काय झालं" करत कुंपणाशी धावल्या. बायकोनं पडलेली पाकळी उचलली. दातांची खूण असलेली, सोललेली. माझ्याकडं बघितलं. पदराला पुसून तिनं ती वाफ्यात लावली, शेंडा वर, बूड खाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

घरातून लेक पळत आली. "अहो बाबा, असे बसलाय काय दोघं? घ्या ना तिला, रडतेय ती!"

"रडू दे," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.